आत्याच्या वाफ्यातलं अर्थिंग

वायरमनचा पाय मोडला तो शिडीवरून पडून नव्हे. एकतीस वर्षं ते शिड्या, खांब, माळे आणि लोकांच्या डुगडुगत्या टेबलांवर चढले आणि एकदाही घसरले नाहीत. पडले ते स्वतःच्या घरात, सोफ्याच्या पायाला अडखळून, चष्मा शोधताना. चष्मा कपाळावरच होता.

पाय प्लास्टरमध्ये गेला तेव्हा चर्चची तुकडी निघायला चार दिवस उरले होते. त्यांच्या मंडळीतली आठ-दहा माणसं दरवर्षी रजा काढून कुठल्यातरी आडगावी जायची आणि तिथल्या लोकांना काही ना काही बांधून द्यायची. या वर्षी डोंगरावरच्या एका गावात नर्ससाठी दोन खोल्या पुऱ्या करायच्या होत्या. एक तपासणीची, एक बाळंतपणाची. भिंती आणि पत्रे गावकऱ्यांनी चढवून ठेवले होते. राहिलं होतं प्लास्टर, फरशी, रंग आणि लाइटचं काम. लाइट म्हणजे अर्थातच वायरमन.

पाळकसाहेब त्यांना भेटायला आले. पलंगाशेजारी बसले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "लाइटचं पुढच्या वर्षी बघू. तुम्ही आधी बरे व्हा."

"पुढच्या वर्षी कशाला?" वायरमन म्हणाले. "हिला घेऊन जा."

वहिनी स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. वायरमनच्या बायकोला सगळी मंडळी वहिनीच म्हणायची. त्यांना वाटलं, हिला म्हणजे हत्यारांच्या पिशवीला. त्यांनी चहा बाजूला ठेवला, कोपऱ्यातली जडशीळ पिशवी ओढत आणली आणि पाळकसाहेबांच्या पायाशी ठेवली.

"पिशवी नाही गं," वायरमन म्हणाले. "तू."

वहिनींना आधी हसूच आलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ते विरलं.

"मी काय करणार तिथे? मी नुसती शिडी धरते."

"नुसती? पक्कड मागायच्या आधी माझ्या हातात पक्कड येते. तीनचा स्क्रू हवा की चारचा, हे मला कळायच्या आधी तुला कळतं. पाळकसाहेब, हिला सगळं येतं. फक्त हिला कुणी विचारलेलं नाही."

"विचारायचं कुणी?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच ना?"

यावर वायरमननी छताकडे बघितलं. पाळकसाहेबांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे.

अडचण नवऱ्याकडे कोण बघणार एवढीच होती. ती नणंदेने सोडवली. ती बॅग घेऊनच आली. "जा गं तू खुशाल. याला मी जन्मापासून बघतेय. सुधारला नाही, पण सांभाळता येतो."

वायरमननी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही खोल्यांचा नकाशा काढून दिला. कुठे बोर्ड, कुठे पंखा, कुठून कुठे वायरीची पट्टी, सगळं बारीक अक्षरात. खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं : अर्थिंग. मागच्या भिंतीपासून पाच फूट. छातीइतका खड्डा.

*

गाव शेवटपर्यंत दिसत नव्हतं. पिकअप जिथवर गेली तिथवर गेली, पुढे सामान ट्रॅक्टरवर आणि माणसं पायी. तासभर चढून गेल्यावर एकदम तीस-पस्तीस घरं उतारावर दिसली, ओंजळभर दाणे सांडावेत तशी. मधोमध एका खोलीचं पत्र्याचं चर्च. त्याच्या भिंतीवर विजेचा मीटर, वर्षभरापूर्वी आलेला. चर्चला लागून त्या दोन नव्या खोल्या, अजून नागड्या विटांच्या.

फोनला रेंज नव्हती. ती गावाच्या वर, पाण्याच्या टाकीपाशी थोडीशी मिळायची, तीही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर.

सिस्टर, म्हणजे तिथली नर्स, पाच गावं एकटी बघायची. चाळिशीची, सडपातळ, भराभर बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना आपली जुनी जागा दाखवली. चर्चच्या मागे एक पडवी होती आणि तिला एक झरोका होता.

"इथे मी बाळंतपणं करते," ती म्हणाली. "अंधार पडला की टॉर्च दातांत धरायची. दोन्ही हात लागतात ना. बाई कळा देत असते आणि मला 'जोर लाव' म्हणता येत नाही, नुसतं ऊं ऊं करते. बायका म्हणतात, कळा नक्की कुणाला येतायत?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण झोपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे ती दातांतली टॉर्च होती.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मंडळीतला एक जण खरा गवंडी होता. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही असं ठरलं. बँकेत कॅशियर असलेले एक गृहस्थ वाळू चाळायला लागले. एकाच घरातल्या दोघी जावा रंग घेऊन आल्या होत्या आणि भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधीच फिकट पिवळा की फिकट हिरवा यावर त्यांचं जुंपलं होतं. वहिनी शिडीवर चढल्या.

खालून बघणं आणि वरून करणं यात किती फरक असतो हे त्यांना पहिल्या तासातच कळलं. काय करायचं ते माहीत होतं. हातांना मात्र ते कुणी सांगितलेलं नव्हतं. छिन्नीने भिंतीत भोक पाडायचं, लाकडी गुल्ली ठोकायची, तिच्यावर पट्टी बसवून स्क्रू पिळायचा. मान वर, हात वर, डोळ्यांत विटेचा चुरा. दुपारपर्यंत दंड भरून आले. संध्याकाळी चहाच्या वेळी गवंडी त्यांच्या पट्टीकडे एक डोळा मिटून बघत राहिला.

"वहिनी, ही पट्टी कुठे गावाला निघालीय का?"

पट्टी एका टोकाला चांगली दोन बोटं खाली उतरली होती. वहिनींनी कप ठेवला, शिडी चढल्या आणि सगळे स्क्रू काढले.

"अहो, राहू द्या, मी गंमत केली," गवंडी ओशाळून म्हणाला.

"मी नाही केली," वहिनी म्हणाल्या.

गवंडी आपली लेव्हलपट्टी घेऊन आला आणि भिंतीवर दोरीने रेघ मारून दिली. तिसऱ्या दिवसापासून वहिनींचा हात बसला. गावातल्या बायका येता-जाता दारात थांबायला लागल्या. शिडीवर बाई बघायला मिळते, ही बातमी पाचही गावांत गेली असावी. एकीने विचारलं, "तुमच्याकडे बायकाच करतात का हे?" वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे बायका शिडी धरतात." ती म्हणाली, "मग आता मी धरते." आणि धरली.

सकाळी कामाआधी सगळे चर्चमध्ये जमत. एक स्तोत्र, एक प्रार्थना. पाळकसाहेब प्रत्येकाला एक वाक्य बोलायला लावत. गवंडी आभार मानायचा की सिमेंट कोरडं राहिलं. कॅशियर रोज एकच मागायचे, की कंबर टिकू दे. मंडळीच्या सभेत वहिनींनी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. इथे चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "देवा, तू मला इथे आणलंस, बरं केलंस." आणि बसल्यावर त्यांनाच नवल वाटलं, की हे खरंच आहे.

*

गुरुवारी पट्ट्या झाल्या, वायरी ओढून झाल्या, बोर्ड बसले. रविवारी खोल्यांचं समर्पण होतं. आसपासच्या गावांतून माणसं येणार होती. उरलं होतं अर्थिंग. वहिनींनी नकाशा बघून मागच्या भिंतीपासून पाच फूट मोजले आणि कॅशियर नि गवंडी कुदळी घेऊन भिडले.

फूटभर गेले नि ठण्ण आवाज झाला. खडक.

दोन हात सरकून पुन्हा खणलं. खडक. पुढच्या अंगाला खणलं, तिथे तर वीतभरावरच. दुपारपर्यंत खोल्यांभोवती पाच खळगे झाले आणि कॅशियरच्या तळव्यांवर सहा फोड.

"हा डोंगर आहे, वहिनी," गवंडी घाम पुसत म्हणाला. "खाली पाताळापर्यंत असाच."

पाळकसाहेब आले. त्यांनी खळगे बघितले, फोड बघितले.

"वहिनी, अर्थिंगशिवाय लाइट लागतच नाही का?"

"लागतो."

"गावात बाकी कुणाकडे अर्थिंग आहे?"

"कुणाकडेच नाही. मी बघितलं."

"मग आत्तापुरतं असंच चालू करू. पुढच्या खेपेला यंत्र आणून खडक फोडू."

पाळकसाहेबांना नाही म्हणायची वहिनींना सवय नव्हती. खरं तर कुणालाच नव्हती. त्यांनी हातातला टेस्टर पदराला पुसला, पुन्हा पुसला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी मेनची जोडणी करणार नाही. पाळकसाहेब, त्या खोलीत लोखंडी टेबल येणार. शेजारी पाणी तापवायचा बॉयलर. खाली ओली फरशी. आणि टेबलावर बाई, दोन्ही हातांनी लोखंडी कडा धरून. बॉयलर कधीतरी बिघडणारच, सगळेच बिघडतात. त्या दिवशी वीज कुठून जाईल? घरातल्या दिव्याला एक वेळ चालतं. इथे नाही चालत."

एवढं सलग त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. गवंडी जमिनीकडे बघत होता. पाळकसाहेबांनी बाह्या वर केल्या आणि कॅशियरच्या हातातली कुदळ घेतली.

"बरं. मग काय करायचं ते सांगा."

"माती शोधायची," वहिनी म्हणाल्या.

त्या हातभर लांबीची सळई घेऊन निघाल्या. चार पावलं चालायचं, सळई टोचायची. सगळीकडे दोन-चार बोटांवर अडायची. असं करत करत त्या खोल्यांच्या बाजूच्या बुटक्या दगडी कुंपणाशी आल्या आणि थांबल्या. कुंपणापलीकडे भाजीचा वाफा होता. पालक, घेवडा, काठीला बांधलेले टोमॅटो. सगळा डोंगर राखाडी आणि हा चौकोन हिरवागार. वहिनींनी वाकून, कुणी बघत नाही असं बघून, कडेला सळई टोचली. ती मुठीपर्यंत गेली.

"काढ ती!" घरातून आवाज आला. "आधी ती काढ, मग बोल!"

*

ती आत्या. कुणाची आत्या हे आता कुणालाच आठवत नव्हतं. सगळ्या गावाची होती. पंचाहत्तरीची, वाकलेली, पण नजर सुईसारखी. सिस्टरने सांगितलं, की वरच्या अंगाने पाण्याबरोबर उतरलेली माती दोन खडकांच्या मधल्या खोलगटात साठत गेली. गावात खोल माती असलेली तेवढी एकच जागा, आणि ती आत्याच्या अंगणात. आत्या त्या वाफ्यात कोंबडीला पाऊल टाकू देत नसे.

आधी पाळकसाहेब गेले. सिस्टरला बरोबर घेऊन, हात जोडून, गोड बोलून. देवाच्या कामासाठी थोडीशी जागा हवी म्हणाले.

"एवढा डोंगर केला देवाने," आत्या म्हणाली, "आणि जागा हवी तर त्याला माझाच वाफा दिसला?"

पाळकसाहेब परत आले.

मग वहिनी एकट्या गेल्या. पायरीवर बसल्या. आत्या घेवड्याच्या शेंगा मोडत होती. वहिनींनीही अर्ध्या पुढ्यात ओढल्या आणि मोडायला लागल्या.

"खड्डा करून त्यात काय घालणार?" आत्याने वर न बघता विचारलं.

नुसता पाइप, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण शेंगा मोडता मोडता खोटं बोलणं वहिनींच्या जिवावर आलं.

"एक पाइप. त्याच्याभोवती कोळसा. आणि मीठ."

"मीठ?" आत्याचे हात थांबले. "माझ्या वाफ्यात मीठ?"

"ओल धरून राहावी म्हणून घालतात."

"आणि माझा पालक?"

"जवळपासचा जाईल," वहिनी म्हणाल्या.

"ऊठ," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "शेंगा मोडून झाल्यावर ऊठ."

शुक्रवारी सकाळी वहिनी बोर्डाची झाकणं बसवत होत्या. खिडकीतून आत्या दिसत होती. एक कळशी पालकाला, एक टोमॅटोला, भांडी धुतलेलं पाणी घेवड्याला. रोज सकाळी हे चालायचं, वहिनींनी रोज बघितलं होतं. आज बघता बघता त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

मीठ कशाला, तर ओल राहावी म्हणून. आणि इथे तर रोज ओल होतीच.

त्या तशाच निघाल्या. टाकीपर्यंतचा चढ, तो दगड, रेंजची एक दांडी. फोन नणंदेने उचलला आणि भावाच्या कानाला लावला.

"हां, बोल. आधी मेन बंद केलंस का? हे बघ, मेन बंद केल्याशिवाय..."

"ऐका आधी," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी खडक, वाफा, आत्या, पालक, सगळं चार वाक्यांत सांगितलं. "मीठ न घालता, नुसता कोळसा, आणि खोल. चालेल ना?"

वायरमन विचार करत होते ते ऐकू येत होतं. विचार करताना ते नाकाने श्वास सोडायचे.

"चालेल. उलट बरं, मीठ पाइप खातं, मी तर कायम म्हणतो. पण मग पाण्यात खंड पडता कामा नये. कडक उन्हाळ्यात तर मुळीच नाही. रोज न चुकता पाणी घालणारं माणूस हवं. असं माणूस आहे का तिथे?"

"आहे," वहिनी म्हणाल्या, आणि रेंज गेली.

*

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मीठ नाही, हे तीनदा विचारून खात्री केली. मग म्हणाली, "आता मला हे सांग, तो पाइप करतो काय?"

"बॉयलर बिघडला आणि वीज चुकून लोखंडात उतरली, तर ती टेबलावरच्या बाईच्या अंगातून जायची. तारेची वाट करून दिली, की तारेने तुमच्या वाफ्यात जाते."

"आणि मी तिथे पाणी घालत असले तर?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने वायरमनना विचारला नव्हता. वहिनी नीट बसल्या.

"क्षणभरात फ्यूज उडतो आणि वीजच बंद होते. जमीन तेवढं गिळून टाकते. तरी पाइपचं तोंड मी विटांच्या चौकटीत घेणार, वर झाकण. झाकणाला नळी ठेवीन. तिच्यात लांबूनच पाणी ओतायचं, पाइपला हात लावायचा नाही. कधीच नाही."

आत्या कुंपणापलीकडच्या खोल्यांकडे बघत राहिली. जावांनी शेवटी आतून हिरवा नि बाहेरून पिवळा अशी तडजोड केली होती.

"माझी धाकटी सून त्या पडवीत तीन दिवस अडली होती," ती म्हणाली. "सिस्टर होती म्हणून दोघंही हाती लागली." मग एकदम उठली. "भिंतीकडचा कोपरा देईन. एक टोमॅटो जाईल, जाऊ दे. पण खणायचं मी सांगेन तसं."

आणि तिने सांगितलं. बूट काढून आत यायचं. वरची काळी माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला, आणि भरताना पुन्हा तशीच. मातीचा ढीग पालकावर आला तर काम बंद. पाळकसाहेब, गवंडी आणि कॅशियर तिघे अनवाणी खणत होते आणि आत्या कुंपणाच्या कठड्यावर बसून मुकादमी करत होती.

"हा कुदळ धरतो की झाडू?" ती कॅशियरला बघून म्हणाली.

"बँकेत आहेत ते," वहिनींनी सांगितलं.

"मग जपून खण रे बाबा. नोटांसारखी मोज माती."

कॅशियर इतके हसले, की त्यांना खड्ड्यातच बसावं लागलं.

खड्डा कंबरेपर्यंत गेला, मग छातीपर्यंत, आणि माती अजून ओलीच होती. कोळसा पुरेल का, हा प्रश्न होता. सिस्टर घरोघर सांगून आली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक चुलीतला कोळसा टोपल्यांमधून आला. कुणी दोन मुठी आणल्या, कुणी भरून घमेलं. ज्या बाईने शिडी धरली होती तिने कोळसे फोडून सारखे केले. हात नि नाक दोन्ही काळं करून घेतलं.

शनिवारी सकाळी पाइप उभा राहिला. एक थर कोळसा, एक थर तांबडी माती, मग सगळ्यांत वर काळी, आत्याच्या मनासारखी. गवंड्याने विटांची चौकट बांधली. वहिनींनी तार पाइपला घट्ट आवळली आणि भिंतीतून आत नेली. मग मेनची जोडणी केली आणि चाचणीचा दिवा हातात घेतला. साधा शंभरचा बल्ब, होल्डरला दोन वायरी. एक टोक फेजला, म्हणजे वीज येते त्या तारेला, एक अर्थिंगला. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत जाते त्या तारेवर, लागतो तसाच लखलखीत लागतो. वाईट असेल तर नाही.

वहिनी रबरी हातमोजे घालून कोरड्या फळीवर उभ्या राहिल्या. दारात सगळी तुकडी, मागे अर्धं गाव. त्यांनी टोकं लावली.

बल्बमध्ये तांबूस धागा दिसला. विझत्या निखाऱ्याएवढा.

पाळकसाहेबांना बल्ब कसा हवा हे माहीत नव्हतं, पण वहिनींचा चेहरा बघून त्यांना कळलं. वहिनींच्या मनात एकदम सगळं आलं. नवरा इथे असता तर, मी कशाला आले, पाळकसाहेबांना नाही म्हणाले आणि आता हे. मग त्यांनी टोकं काढली आणि श्वास सोडला, नाकानेच.

"माती नवी भरलीय, सैल आहे," त्या म्हणाल्या. "आत्या, पाणी."

आत्याने कळशी आणली आणि नळीत ओतली. मातीने ती अशी पिऊन टाकली, जणू काही दिलंच नव्हतं. दुसरी कळशी. तिसरी बायकांनी हातोहात पुढे केली. सातव्या कळशीनंतर पाणी वर तरंगायला लागलं. गवंड्याने सभोवार माती चोपून घट्ट केली. वहिनींनी आणखी अर्धा तास थांबायला लावलं; हा अर्धा तास जावासुद्धा भांडल्या नाहीत.

मग पुन्हा टोकं लावली.

बल्ब असा पेटला, की पुढे उभ्या असलेल्या सिस्टरने डोळ्यांवर हात धरला. वहिनींनी तो न्यूट्रलवर लावून बघितला, पुन्हा अर्थिंगवर. जरासुद्धा फरक नव्हता.

"झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हातमोजे काढले.

आनंदाच्या भरात पाळकसाहेबांनी बोर्डावरचं पहिलं बटण दाबलं, ज्यावर वहिनींनी स्वतःच्या हाताने 'दिवा' असं लिहिलं होतं. पंखा फिरायला लागला. दुसरं, 'पंखा' लिहिलेलं दाबलं. दिवा लागला. जरा वेळ सगळे वर बघत राहिले आणि मग जो हशा पिकला तो आवरेना. वहिनींनाही आवरेना. मेन बंद करून, डोळे पुसत, त्यांनी दहा मिनिटांत वायरी अदलाबदल केल्या.

*

रविवारी चर्चमध्ये माणसं मावेनात. उपासना संपल्यावर सगळे खोल्यांसमोर उभे राहिले. पाळकसाहेबांनी खोल्या देवाच्या हाती सोपवल्या, इथे येणाऱ्या आयांसाठी आणि लेकरांसाठी प्रार्थना केली आणि म्हणाले, "मेन वहिनी चालू करतील."

"आत्या करू देत," वहिनी म्हणाल्या.

पण आत्या कुठे होती? बघतात तर ती कुंपणापलीकडे, आपल्या वाफ्यात, विटांच्या चौकटीपासून तीन पावलांवर कमरेवर हात ठेवून उभी.

"मला इथेच असू दे!" ती ओरडली. "पालकाला काय होतं ते बघायला नको का कुणी?"

तेव्हा सिस्टरने मेन चालू केला. भर उन्हात दिव्यांचं काही विशेष वाटलं नाही, पण पंखे फिरले, आणि बॉयलरचा लाल ठिपका लागला. लोक थांबून राहिले. थोड्या वेळाने सिस्टरने नळ सोडला आणि वाफ उठली. मग रांगच लागली. बायका, म्हातारे, लहान पोरी, एकेक जण पुढे यायचा, धारेखाली हात धरायचा, चटका बसला की हसायचा आणि बाजूला व्हायचा. पाळकसाहेबही रांगेत होते.

"इकडे काही झालं नाही!" वाफ्यातून आत्याने जाहीर केलं.

सोमवारी निघताना तिने वहिनींना कुंपणाशी बोलावलं. निरोपाचं काही बोलली नाही. फक्त विचारलं, "पावसाळ्यात पण पाणी घालायचं का?"

"पावसात नको. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं, की पुन्हा सुरू."

"आणि मी नसले तर?"

"धाकट्या सुनेला सांगून ठेवा."

"सांगितलंय," आत्या म्हणाली. "ती म्हणते, आत्ताच पाणी घालायला घेते. मी म्हटलं, मी मेल्यावर."

*

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. नणंदेने दार उघडलं आणि आधी वहिनींचे हात उलटेपालटे करून बघितले. नखांत सिमेंट, बोटांवर खरचटलेलं, अंगठ्याला घट्टा. "माझ्या भावाचे हात घेऊन आलीस," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

वायरमन प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. दहा दिवसांत दाढी वाढली होती. फोन तुटल्यापासून पुढे काय झालं, हे त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"बल्ब कसा लागला?" त्यांनी विचारलं. कशी आहेस, दमलीस का, हे नंतर.

"आधी नाही लागला," वहिनी म्हणाल्या.

वायरमनचा चेहरा पडला. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, पाय वर घेतले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागल्या. ट्रॅक्टर, ती टॉर्च, गावाला निघालेली पट्टी, पाच खळगे. चहा आला, निवला, नणंदेने तो पुन्हा गरम करून आणला आणि स्वतःही ऐकत बसली. पाळकसाहेबांना नाही म्हटलं ते सांगताना वहिनींचा आवाज जरा चढला. वायरमननी मान डोलवली आणि तोंडातल्या तोंडात "बरोबर" म्हणाले. आत्याने विचारलेला प्रश्न त्यांनी दोनदा सांगायला लावला. सात कळशांपर्यंत आल्या तेव्हा ते पुढे झुकले होते, आणि बल्ब पेटला तेव्हा त्यांनी मोडक्या पायाचा विसर पडून टाच आपटली आणि मग बराच वेळ कण्हत राहिले.

दिवा आणि पंख्याच्या बटणांचं वहिनी गाळणार होत्या. पण तेही सांगून टाकलं.

"हे माझं पहिल्या कामाला झालं होतं," वायरमन म्हणाले. "एका शाळेत. तुला कधी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

नणंद हसत सुटली. वहिनींनी कप उचलला, आता सांगा म्हणाल्या, आणि वायरमन सांगायला लागले.